भट्टीविना भोपळा : शारदीय मेळ्यांतील गोड पदार्थ आणि पाण्याचे गणित

प्रास्ताविक

आश्विन आणि कार्तिक हे शरदाचे दोन महिने. पाऊस ओसरलेला असतो, खरिपाची पिके हाताशी येऊ लागलेली असतात, आणि घटस्थापनेपासून कोजागरीपर्यंतचा पंधरवडा महाराष्ट्रात माणसांनी एकत्र जमण्याचा असतो. सूर्य हस्त नक्षत्रात असताना, म्हणजे साधारणपणे सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत, कोठे भोंडला तर कोठे हादगा खेळला जातो. विदर्भात व खानदेशात भुलाबाई बसते, ती भाद्रपद पौर्णिमेपासून थेट कोजागरीपर्यंत. भोंडल्यात पाटावर हत्तीचे चित्र काढून त्याभोवती मुलींनी फेर धरायचा आणि गाणी संपली की झाकलेल्या डब्यातील खिरापत ओळखायची, असा क्रम असतो. काही घरांत रोज एकेक खिरापत वाढवीत नेण्याचीही रीत आहे. याच सुमारास पावसाळी वेलावरचा लाल भोपळा पक्व होऊन बाजारात येतो. तो स्वस्त असतो, एका फळात बऱ्याच जणांचे भागते आणि त्याला अंगचा गोडवाही असतो. खिरापतीच्या डब्यात तो वारंवार दिसतो याचे नवल वाटू नये.

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या कृतज्ञतादिनाला भोपळ्याचा 'पाय' हा पदार्थ जवळजवळ अनिवार्य मानला जातो. १७९६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेलिया सिमन्स यांच्या पाकपुस्तकातही पारीत भरून भट्टीत भाजावयाची भोपळ्याची कृती आढळते. तेथे भट्टीत न भाजता केलेला भोपळ्याचा पदार्थ ही एक सोय आहे. मूळ पद्धतीला काढलेली ती आडवाट आहे. मराठी स्वयंपाकघरात परिस्थिती नेमकी उलट होती. चूल, शेगडी, कढई, तवा आणि मोदकपात्र एवढीच साधने असल्यामुळे भट्टीविना करणे हाच नियम होता. गोव्यात व दक्षिण कोकणात भांड्याच्या वर-खाली निखारे ठेवून काकडीची तवसळी करीत, तो भाजण्याचाच प्रकार. पण त्याला वेगळी भट्टी लागत नसे. प्रस्तुत लेखात भोपळ्याच्या अशा गोड पदार्थांमागील कार्यकारणभाव उलगडून दाखविण्याचा हेतू आहे.

फळ आणि त्याची नावे

आरंभी नावांचा गोंधळ दूर केला पाहिजे, कारण चुकीचे फळ आणले तर पुढील सर्व प्रमाणे फसतात. ज्याला पुणे-मुंबईकडे लाल अथवा तांबडा भोपळा म्हणतात, तोच अन्यत्र डांगर, काशीफळ किंवा गंगाफळ होतो. विदर्भात त्याला कोहळे म्हणतात आणि तेथील 'कोहळ्याची बोंडे' ही या लाल फळाचीच असतात. पश्चिम महाराष्ट्रात मात्र कोहळा म्हणजे पांढरा, राखी लव असलेला, ज्याचा आग्र्याचा पेठा होतो तो. हे फळ वेगळ्या प्रजातीचे आहे. त्याचा गर फिकट आणि बेचव असतो. तो चुन्याच्या निवळीत ठेवून टणक करतात आणि मग पाकात मुरवितात. नागपूरच्या पाहुण्याने सांगितलेली कृती पुण्यात शब्दशः करू गेल्यास काय होईल, याची कल्पना यावरून यावी.

लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतातील गुइला नाकित्झ या गुहेत त्याच्या कुळातील लागवडीखालच्या फळांच्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. युरोपीय दर्यावर्दींच्या व्यापारातून, सोळाव्या शतकानंतर, तो आपल्याकडे रुजला. त्यापूर्वीचा आपला भोपळा म्हणजे दुधीच्या जातीचा, ज्याच्या वाळलेल्या कवचाचा तंबोरा व वीणा होते तो. नव्या पाहुण्याला म्हणूनच 'लाल' हे विशेषण लावावे लागले. गंमत अशी की, बटाटा, रताळे, शेंगदाणा आणि साबुदाणा यांच्याप्रमाणे हेही परदेशी फळ अनेक घरांत उपवासाला चालते. जुन्या धान्यांना जे व्रतांत वर्ज्य ठरविले गेले, ते या नवागतांना लागू झाले नाही. नवरात्रात उपवास करणाऱ्यांसाठी भोपळ्याचे गोड करता येते ते त्यामुळेच.

आपल्या बाजारातील बहुतेक भोपळे मोस्काटा या प्रजातीचे असतात. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने विकसित केलेला 'अर्का चंदन' हा वाण त्याच प्रजातीचा असून त्याचा नारिंगी गर कॅरोटीनने समृद्ध आहे. कॅरोटीन स्निग्ध पदार्थात विरघळते. भोपळ्याचा कीस तुपावर परतण्याची रीत चवीसाठी पडली असली तरी ते शरीरात शोषले जाण्यासही तिचा उपयोग होतो.

प्रश्न पाण्याचा

कच्च्या भोपळ्यात सुमारे ९२ टक्के पाणी असते. अर्धा किलो कीस घेतला तर त्यात ४६० ग्रॅमच्या आसपास पाणी आणि जेमतेम ४० ग्रॅम घनपदार्थ असतो. भोपळ्याचे गोड पदार्थ करण्याचे सारे कौशल्य या ४६० ग्रॅम पाण्याचे काय करावयाचे, या एका प्रश्नाशी निगडित आहे. भट्टीतील 'पाय'मध्ये अंडी उष्णतेने घट्ट होतात आणि पाणी आपल्या जाळ्यात धरून ठेवतात. जेथे अंडेही नाही आणि भट्टीही नाही, तेथे पाणी पिठात मुरवावे लागते, आटवून काढून टाकावे लागते, नाहीतर ते आहे तसे स्वीकारून पदार्थ पातळ ठेवावा लागतो. घारगे, वडी आणि खीर हे अनुक्रमे या तीन उत्तरांचे नमुने होत.

प्रश्न चवीपुरता मर्यादित असता तर त्याचा एवढा ऊहापोह करण्याचे कारण नव्हते. परंतु पदार्थ किती टिकेल हेही त्यातील मोकळ्या पाण्यावरच ठरते. साखरेने अथवा गुळाने बांधून ठेवलेले पाणी सूक्ष्मजंतूंच्या उपयोगी पडत नाही. मोकळे पाणी पडते. आणि शरदातील मेळे नेमके ऑक्टोबरच्या उकाड्यात भरतात. दुपारी केलेला पदार्थ संध्याकाळी सोसायटीच्या अंगणात वीस-पंचवीस मुलांच्या हातांत पडतो. मधल्या चार-पाच तासांत त्याचे काय होते, हे करणाऱ्याला ठाऊक असणे अगत्याचे आहे.

घारगे : 'मावेल तेवढी कणीक'

घारगे अथवा घाऱ्या करताना सोललेल्या भोपळ्याचा कीस थोड्या तुपावर परततात आणि त्यात किसाच्या निम्म्याने चिरलेला गूळ घालतात. येथे पाण्याचा थेंबही घालावयाचा नसतो. गूळ घालताच काही मिनिटांत कढईत भरपूर रस सुटतो, आणि पहिल्यांदा करणाऱ्याला आता हे पातळ झाले अशी धास्ती वाटते. वस्तुतः गुळाने पेशींतील पाणी बाहेर ओढून घेतलेले असते. कीस आधीच तुपावर मऊ झालेला असल्यामुळे पेशींच्या भिंती सैल पडलेल्या असतात आणि हे काम झटपट होते. मिश्रण दहा-बारा मिनिटे उघड्या कढईत शिजू दिले की कीस पारदर्शक होतो व रस दाटतो. मग चवीला मीठ, जायफळ किंवा वेलदोड्याची पूड घालून, गरम असतानाच त्यात कणीक मिसळतात. खुसखुशीतपणासाठी थोडी तांदळाची पिठी किंवा बारीक रवा घालतात.

कणीक किती घालावी, याचे उत्तर आपल्या आया-आज्या 'मावेल तेवढी' असे देत आल्या. हे उत्तर शिक्षित वर्गाच्या थट्टेचा विषय झाले आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या 'गृहिणीमित्र'पासून (१९१०) कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'पर्यंत (१९७०) मराठी पाकशास्त्राच्या पुस्तकांनी प्रमाणे लिहून देण्याचे मोठे काम केले. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि भोपळ्याच्या बाबतीत ठरीव प्रमाण अपुरे पडते. कारण भोपळ्यातील घनांश स्थिर नसतो. वाण, पक्वता आणि साठवण यांप्रमाणे तो सहा टक्क्यांपासून बारा टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे दोन भोपळ्यांच्या सारख्याच वजनाच्या किसात घनपदार्थाचे प्रमाण दुप्पट-निम्मे असू शकते. त्यात उघड्या कढईत किती वाफ गेली, गूळ चिक्कीचा होता की ओलसर, कणीक जुनी होती की नवी, याची भर पडते. अशा वेळी 'दोन वाट्या कीस, एक वाटी गूळ, अडीच वाट्या कणीक' हे प्रमाण प्रारंभबिंदू म्हणून ठीक. शेवटची अर्धी वाटी मात्र हाताने ठरवावी लागते. 'मावेल तेवढी' या शब्दांत मोजमापाचा अभाव नाही. पिठाचे प्रमाण वाटीने न ठरविता भोपळ्यातील पाण्याने ठरवावे, असे ते माप आहे, आणि या फळापुरते ते वाटीपेक्षा अचूक आहे.

हे माप वाचावे कसे, तेही सांगितले पाहिजे. पीठ गरम मिश्रणात घातले की त्यातील पिष्टकण पाणी शोषून फुगू लागतात. ही क्रिया तत्काळ पुरी होत नाही. म्हणून गोळा किंचित सैल वाटत असतानाच थांबावे आणि अर्धा तास झाकून ठेवावे. त्या अवधीत तो आपोआप घट्ट होतो. घाईने पीठ वाढविल्यास घारगे कोरडे आणि चिवट होतात. उलटपक्षी अर्ध्या तासानंतरही गोळा बोटांना चिकटून लोंबत असेल तर मूठभर कणीक आणखी घालावी. गूळ आणि तूप दोन्ही कणकेतील चिकट प्रथिनांची जाळी बनू देत नाहीत, त्यामुळे पोळीसारखे मळत बसण्याची आवश्यकता नाही.

केळीच्या पानावर किंवा ओल्या रुमालावर थापून, मंद ते मध्यम आचेवर घारगे तळतात. तेल फार तापले तर गुळामुळे पृष्ठभाग लगेच काळपट होतो आणि आत पीठ कच्चे राहते. विदर्भातील बोंडे याच मिश्रणाची, पण सैलसर ठेवून भज्यांप्रमाणे सोडलेली असतात. त्यांत पाणी अधिक उरते, म्हणून ती त्याच दिवशी संपवावीत. घारगे मात्र नीट तळले असतील तर दोन-तीन दिवस चांगले राहतात. पूर्वी प्रवासाच्या शिदोरीत ते दिले जात, त्यामागे हाच अनुभव असावा. उपवासाला कणकेऐवजी राजगिऱ्याचे अथवा शिंगाड्याचे पीठ वापरतात. त्यात ती चिकट प्रथिने मुळीच नसल्यामुळे घारगा तेलात फुटण्याचा संभव असतो. उकडलेल्या रताळ्याचा थोडा लगदा मिसळल्यास तो सांधला जातो.

वडी आणि खीर

वडीचे तत्त्व आटविण्याचे आहे. अर्धा किलो किसाला पाव किलो साखर घेतली असे धरू. वडी पडण्यासाठी पाक गोळीबंद व्हावा लागतो. म्हणजे त्याचे तापमान ११२ ते ११६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान पोहोचावे लागते. त्या अवस्थेत पाकात सुमारे ८५ टक्के साखर असते. हिशेब केला तर पाव किलो साखरेबरोबर अवघे ४५ ग्रॅम पाणी शिल्लक राहू शकते. मूळच्या ४६० ग्रॅमपैकी चारशेहून अधिक ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने घालविणे आले. भोपळ्याच्या वडीला गाजराच्या वा नारळाच्या वडीपेक्षा हात अधिक का दुखतो, याचे उत्तर या आकड्यात आहे. त्यामुळे कीस आधी साखरेशिवाय, पसरट कढईत मोठ्या आचेवर कोरडा करावा आणि साखर नंतर घालावी, हे श्रेयस्कर. साखर आधी पडली तर ती पाणी धरून ठेवते आणि आटण्यास वेळ लागतो. मिश्रण कढईच्या कडा सोडू लागले आणि थंड पाण्यात टाकलेल्या थेंबाची मऊ गोळी वळली की ते तूप लावलेल्या ताटात थापावे. खवा किंवा ओला नारळ घातल्यास चव वाढते, पण टिकाऊपणा निश्चितपणे घटतो. ज्या वड्या दुसऱ्या दिवशी वाटावयाच्या आहेत त्यांत खव्याऐवजी दुधाची भुकटी वापरावी, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

खिरीविषयी फार सांगण्यासारखे नाही. कीस तुपावर परतून दुधात शिजविला की ती झाली. एकच पथ्य पाळावयाचे, ते गुळाचे. उकळत्या दुधात गूळ पडला की त्यातील आम्लतेमुळे व क्षारांमुळे दूध फाटते. म्हणून खीर चुलीवरून उतरवून कोमट झाल्यावर गूळ घालावा, अन्यथा साखर वापरावी. पातळ पदार्थ वाटण्यास गैरसोयीचा असल्यामुळे खिरापतीत खीर क्वचितच येते. कोजागरीच्या रात्री घरच्या घरी ती शोभते.

न शिजविता केलेले प्रकार

अलीकडे बिस्किटांचा चुरा, आटवलेले डबाबंद दूध आणि भोपळ्याचा लगदा एकत्र करून लाडू वळण्याची, अथवा काचेच्या पेल्यांत थर लावून थंड करण्याची पद्धत शहरांत रूढ होत आहे. ओव्हन नको, तळण नको, मुलांनाही करता येते, हे तिचे गुण खरे आहेत. परंतु 'भट्टीविना' आणि 'उष्णतेविना' या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत धोक्याची ठरते. घारगा मळल्यानंतर तळला जातो, वडी आटता आटता शंभर अंशांच्या वर जाते. हात लागल्यानंतर, किंवा शेवटच्या क्षणापर्यंत, पदार्थ उष्णतेतून जातो. बिस्किटांच्या लाडवात मात्र ओलसर लगदा, दूध आणि अनेकांचे हात एकत्र येतात व त्यानंतर काहीच होत नाही. अन्नसुरक्षेच्या दृष्टीने ५ ते ६० अंश सेल्सिअस हा तापमानाचा टप्पा जंतूंच्या वाढीस अनुकूल मानला जातो, आणि ऑक्टोबरची संध्याकाळ त्याच्या अगदी मध्यभागी येते. असे पदार्थ शीतकपाटातून काढल्यावर दोन तासांच्या आत, आणि हवा बत्तीस अंशांहून उष्ण असेल तर तासाभरात संपवावेत. लगदा कच्च्या भोपळ्याचा न घेता वाफवून, मग कढईत कोरडा करून, पूर्ण गार झाल्यावर मिसळावा. चुऱ्याऐवजी पीठ वापरावयाचे झाल्यास ते भाजून घेतलेच पाहिजे. कच्चे पीठ हा खाण्यास तयार पदार्थ नव्हे.

परदेशस्थ मराठी कुटुंबांना डबाबंद भोपळा सहज मिळतो. तो आधीच शिजलेला व दाट असल्यामुळे घारग्यांना सोयीचा पडतो आणि परतण्याचा वेळ वाचतो. मात्र 'पाय'साठी म्हणून विकल्या जाणाऱ्या तयार मिश्रणात साखर व दालचिनी-लवंगांचा मसाला आधीच घातलेला असतो. ते आणल्यास गुळाचे प्रमाण कोलमडते आणि घारग्याला परका वास येतो. डब्यावरील घटकांच्या यादीत केवळ भोपळा असल्याची खात्री करून घ्यावी.

निवड, कडूपणा आणि डबा

पक्व भोपळा देठासह, सावलीत आणि वारा खेळेल अशा जागी काही महिने राहतो. जुन्या घरांत तो माळ्यावर ठेवीत. या काळात त्यातील पिष्टाचे अंशतः साखरेत रूपांतर होते, म्हणून ठेवलेला भोपळा गोडासाठी अधिक चांगला. बाजारात कापून विकलेली फोड घेताना गर गडद, तंतू घट्ट आणि बियांची पोकळी कोरडी आहे ना, हे पाहावे. कापलेली फोड शीतकपाटातही तीन-चार दिवसांपलीकडे ठेवू नये.

भोपळ्याच्या कुळात कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्ये असतात. लागवडीच्या फळांत ती नगण्य असतात, पण क्वचित एखाद्या फळात त्यांचे प्रमाण वाढते. कडू दुधीच्या रसाने गंभीर विषबाधा झाल्याच्या घटनांनंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने असा रस पिऊ नये, असा स्पष्ट इशारा दिलेला आहे. लाल भोपळ्यासही तोच न्याय लावावा. किसण्यापूर्वी कच्च्या गराचा लहानसा तुकडा जिभेला लावून पाहावा आणि कडू लागल्यास थुंकून ते फळ टाकून द्यावे. शिजविल्याने हा कडूपणा जात नाही, आणि गूळ त्याला झाकतो तेवढाच. वीस मुलांसाठी केलेल्या पदार्थात ही झाकपाक विशेष घातक होय.

मिठाईच्या दुकानांना सुट्या मिठायांवर 'कधीपर्यंत खावी' ती तारीख लावण्याची सक्ती २०२० साली करण्यात आली. घरच्या खिरापतीला अशी चिठ्ठी नसते. तिची तारीख करणाऱ्यानेच ठरवावयाची असते. त्यासाठी शेवटची दक्षता डब्याची. घारगे गरम असताना डबा बंद केला तर त्यांतून निघणारी वाफ झाकणाला लागून थेंबांच्या रूपाने पुन्हा त्यांच्यावरच पडते, आणि इतका वेळ पिठात मुरविलेले पाणी मोकळे होऊन परत येते. म्हणून घारगे चाळणीवर एकेरी थरात पूर्ण निवू द्यावेत, मगच कोरड्या पितळी अथवा स्टीलच्या डब्यात भरावेत. थरांमध्ये कोरडा कागद घालावा. डबा हलवून खिरापत ओळखताना त्यामुळे आवाज जरा दबतो आणि ओळखणाऱ्या मुलींना एखादा प्रश्न जास्त विचारावा लागतो.